घरचा कचरा, गावचा उद्योग : वसई-विरार परिसरासाठी एक अभ्यासपाठ

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर अशा नैसर्गिक सीमांनी वेढलेला वसई-विरारचा टापू आपल्या वाड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. केळी, पानवेल, भाजीपाला व फुले यांनी बहरलेल्या या वाड्यांना पाणी मिळे ते विहिरींतून आणि बावखलांतून. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खोदलेले लहानसे तळे. पावसाळ्यात ते भरे, पुढे शिंपणाला उपयोगी पडे, भोवतालच्या विहिरींचे पाणी गोडे राखण्यास त्याची मदत होई आणि मुसळधार पावसात शेजारपाजारचे पाणी ते आपल्या पोटात घेई. यांतील कित्येक बावखले आता बुजली आहेत. काहींवर मातीचा भराव पडला, तर काहींत कचरा साठत गेला.

याच भागात एकेकाळी टाकाऊ वस्तू म्हणून फारसे काही उरत नसे. खरकटे गुरांना, पालापाचोळा वाडीला, राख भांडी घासण्यास जाई. फुले व भाजी टोपल्यांतून बाजारात जात. आगाशीची सुकेळी केळीच्याच वाळल्या पानांत बांधली जात. वस्तू बांधण्याचे साधन जिथून आले तिथेच, म्हणजे मातीत, परत जात होते. प्लॅस्टिकच्या आगमनाने हा क्रम तुटला. क्षणभर वापरलेली पिशवी शेकडो वर्षे टिकणारी असल्यामुळे ती टाकण्यासाठी ‘बाहेर’ अशी जागाच उरत नाही. घराबाहेर गेलेली पिशवी गटारात, गटारातून खाडीत आणि खाडीतून कोळी बांधवांच्या डोल जाळ्यात जाते.

घरगुती कचरा कमी करणे आणि एकदाच वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिकला आळा घालणे हे काम केवळ उपदेशाने किंवा केवळ दंडाने होणारे नाही. त्यासाठी रोज, ठराविक वेळी, ठराविक माणसांकडून होणारी सेवा हवी. अशी सेवा देणारा सामाजिक उद्योग वसई-विरार परिसरात कसा उभा करता येईल आणि महाराष्ट्रातील पूर्वीच्या प्रयोगांतून त्यासाठी कोणता धडा घेता येईल, याचा विचार येथे केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

मुंबईलगतचा हा भाग उपनगरी रेल्वेमुळे वेगाने वाढला. १९९० साली सिडकोकडे येथील नियोजनाचे काम सोपविण्यात आले. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची अनेक गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत या महानगराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. त्यानंतरही वसाहतींची वाढ थांबलेली नाही. दुसरीकडे अर्नाळ्यासारखी गावे ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली आहेत. शहराचा कचरा आणि गावाचा कचरा यांच्या व्यवस्था निराळ्या असल्या, तरी दोहोंना वाहून नेणारे नाले आणि सामावून घेणारा किनारा एकच आहे.

घरातील कचऱ्याचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. भाजीची देठे, साली, उरलेले अन्न व निर्माल्य हा ओला कचरा होय. आपल्याकडील घरांत वजनाने निम्मा किंवा त्याहून अधिक भाग याचाच असतो. कागद, पुठ्ठा, काच, धातू, कापड व प्लॅस्टिक हा सुका कचरा. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे लंगोट, औषधे, विद्युतघट, रंगाचे डबे यांचा तिसरा भाग लहान असला तरी तो जपून हाताळावा लागतो. हे तीन भाग वेगळे असताना त्यांतील बऱ्याच गोष्टी उपयोगी असतात. ते एका डब्यात मिसळले की कागद भिजतो, प्लॅस्टिक खरकट्याने माखते, खतात काचा जातात आणि वेचणाऱ्याचा हात कापतो. वस्तूचा कचरा होतो तो या मिसळण्यामुळे, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाच्या मनावर ठसणे हा पहिला धडा आहे.

सगळे प्लॅस्टिकही सारखे नसते. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे, बादल्या, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या यांना भंगाराच्या बाजारात गिऱ्हाईक असते. भाजीबरोबर येणाऱ्या अतिपातळ पिशव्यांना मात्र फारसा भाव नाही. एक किलो वजन भरण्यासाठी अशा शेकडो पिशव्या वेचाव्या लागतात आणि त्या मळलेल्या असतात. वेफर्स, शांपू, गुटखा यांच्या पुड्यांत प्लॅस्टिक व धातूचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असल्याने त्यांचा पुनर्वापर अवघड असतो. म्हणून बाटलीचा प्रश्न संकलनाने सुटू शकतो, पिशवीचा प्रश्न ती मुळात घरात न आणण्यानेच सुटतो. या दोन प्रश्नांसाठी दोन निरनिराळे उपाय योजावे लागतात.

सखल भागात याची किंमत अधिक मोजावी लागते. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीने नालासोपारा येथे रुळांवर पाणी आले आणि वसई-विरार दरम्यानची रेल्वे वाहतूक बंद ठेवावी लागली. मिठागरांतील वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या. अशा पुरास अतिवृष्टी, भरतीची वेळ, पाणथळ जागांवरील भराव अशी अनेक कारणे असतात. सगळा दोष कचऱ्याच्या माथी मारणे योग्य नव्हे. तथापि, ज्या मोऱ्यांतून पाणी निघून जावयाचे त्या पिशव्यांनी तुंबल्या की पाणी अधिक वेळ घरात राहते, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

कायद्याने घातलेला पाया

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची ताटे-वाट्या व तत्सम वस्तूंवर बंदी घातली. तीन महिन्यांच्या मुदतीनंतर, २३ जून २०१८ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास ५ हजार, दुसऱ्यास १० हजार आणि तिसऱ्यास २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास अशी शिक्षेची तरतूद होती. पुढे केंद्र शासनाच्या नियमांनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून पिशवीची किमान जाडी ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन ठरविण्यात आली. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, नळ्या, कानकोरण्याच्या काड्या इत्यादी वस्तू देशभर बंद झाल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा घरातच वेगळा करणे, सेवेचे शुल्क देणे आणि कचरा उघड्यावर न जाळणे ही नागरिकांची कर्तव्ये ठरविली. कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना कामात सामावून घ्यावे, असेही त्या नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितले.

कायद्याचा पाया असा भक्कम असूनही पातळ पिशव्या बाजारात पुन्हा पुन्हा दिसू लागतात. याचे उत्तर शोधण्यासाठी संध्याकाळी विरार किंवा नालासोपारा स्थानकाबाहेर काही वेळ उभे राहणे पुरेसे आहे. पहाटे घर सोडून मुंबईस गेलेला माणूस रात्री गाडीतून उतरतो, स्थानकाबाहेर भाजी घेतो आणि त्याचे हात रिकामे असतात. भाजीवालीला दंडाची धास्ती असते, पण गिऱ्हाईक पुढच्या गाड्यावर जाईल ही धास्ती तिला अधिक असते. पिशवीची गरज कुठे आणि किती वाजता निर्माण होते, हे जाणून त्या जागी त्या वेळी दुसरी सोय उभी करणे हे कायद्याचे काम नव्हे. ते उद्योगाचे काम आहे.

पुण्याचा धडा

महाराष्ट्रात या बाबतीत सर्वांत अभ्यासनीय काम पुण्यात झाले. तेथील कचरावेचक बहुतांशी दलित समाजातील स्त्रिया. उकिरड्यावरून कागद, काच, पत्रा वेचून त्या संसार चालवीत. परंतु त्यांच्या कष्टाला काम म्हणून मान्यता नव्हती आणि चोरीचा संशय मात्र पाठीशी असे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या या स्त्रियांच्या संपर्कात आल्या. डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाने १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. कचरावेचक स्त्री भीक मागत नाही. ती शहराचा वाहतुकीचा व विल्हेवाटीचा खर्च वाचविते, असा या संघटनेचा युक्तिवाद होता. पुढे महानगरपालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे या स्त्रियांना मिळाली.

याच संघटनेतून २००७ साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. या योजनेची घडण साधी आहे. दोन सदस्यांची जोडी सुमारे दोनशे ते तीनशे घरांतून दारोदार कचरा गोळा करते. कुटुंबे त्याबद्दल दरमहा शुल्क देतात. सुका कचरा निवडून विकल्यावर येणारा पैसा त्या सदस्यांचाच असतो. उरलेला कचरा महानगरपालिकेच्या गाडीत जातो. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे वेचणाऱ्या हाताला आत काय आहे ते कळेल, ही साधी रीतही या संस्थेने रुजविण्याचा प्रयत्न केला.

मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘परिसर विकास’ कार्यक्रम हाती घेतला. कचरावेचक भगिनींना कचरा वर्गीकरणाचे, खत तयार करण्याचे आणि जैववायू संयंत्र चालविण्याचे शिक्षण दिले गेले. त्यांना ‘परिसर भगिनी’ असे सन्मानाचे नाव मिळाले. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या ‘निसर्गऋण’ या जैववायू तंत्राचाही उपयोग तेथे करण्यात आला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगरपरिषदेने २०१५ नंतर घराघरांतून वर्गीकृत कचरा घेण्याची शिस्त लावली, ओल्या कचऱ्यापासून खत व जैववायू आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा रस्त्याच्या डांबरात उपयोग असे प्रयोग केले. जेथे पूर्वी कचऱ्याचे ढीग होते ती जागा पाहण्यासाठी लोक येऊ लागले.

तिन्ही ठिकाणी यंत्रे निराळी, संस्था निराळ्या. परंतु एक गोष्ट समान आहे. कचरा घरातच वेगळा झाला आणि तो घेणारा माणूस रोज दारात आला. यंत्र त्यानंतर आले. ज्या गावांनी प्रथम यंत्र घेतले आणि मग वेगळा कचरा शोधू लागले, त्यांची यंत्रे सहसा गंजत पडतात.

उद्योगाची तीन अंगे

सामाजिक उद्योग म्हणजे ज्याचा हेतू लोकोपयोगी असतो, परंतु ज्याचा रोजचा खर्च देणगीवर नव्हे, तर स्वतःच्या सेवेच्या मोबदल्यावर भागतो असा उद्योग. वसई-विरार परिसरात अशा उद्योगाची तीन अंगे कल्पिता येतील.

पहिले अंग दारोदार संकलनाचे. महानगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या व्यवस्थेला पर्याय म्हणून नव्हे, तर तिची जोड म्हणून हे काम करावयाचे आहे. भागात आधीपासून कचरा वेचणाऱ्या व भंगार गोळा करणाऱ्या व्यक्तींची नोंद करून त्यांनाच सदस्य करून घ्यावे. बाहेरून नवी माणसे आणल्यास स्वच्छतेच्या नावाखाली गरिबाच्या हातचे काम जाते. असा उद्योग सामाजिक म्हणविण्यास पात्र ठरत नाही.

दुसरे अंग पुनर्वापराचे. येथे स्थानकाबाहेरच्या त्या रिकाम्या हातांचा विचार करावयाचा आहे. महिला बचत गटांनी जुन्या साड्या-चादरींच्या मजबूत पिशव्या शिवाव्यात व त्या ठेव रकमेवर भाजीवाल्यांकडे द्याव्यात. ग्राहकाने दहा रुपये ठेवून पिशवी न्यावी आणि परत दिल्यावर दहा रुपये घ्यावेत. परत आलेली पिशवी गटाने धुऊन पुन्हा गाड्यावर पोहोचवावी. या कामासाठी विक्रेत्याला प्रत्येक फेऱ्यामागे थोडा मोबदला देणे न्याय्य ठरेल. येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. कापड तयार करण्यातही पाणी, वीज व श्रम खर्च होतात. कापडी पिशवी दोनचार वेळा वापरून फेकली, तर नवा कचरा तेवढा वाढतो. म्हणून गटाने किती पिशव्या विकल्या हे न मोजता किती परत आल्या आणि प्रत्येक पिशवी किती वेळा फिरली, हे मोजावे.

याच अंगात भांड्यांचे भांडार येते. लग्न, हळद, बारसे, पूजा, सण, गावजेवण यांत कागदी व प्लॅस्टिकच्या पेल्यांचे ढीग एका दिवसात जमतात. पूर्वी अनेक गावांत गावकीची मोठी भांडी असत आणि कार्य असेल त्या घरी ती जात. त्या परंपरेचे नव्या रूपात पुनरुज्जीवन करणे कठीण नाही. स्टीलची दोनशे ताटे, तितकेच पेले व वाट्या यांचा संच अल्प भाड्याने मिळाला, तो धुण्याचे काम गटानेच केले आणि हरवलेल्या भांड्याची रक्कम ठेवीतून कापून घेण्याचा नियम केला, तर यजमानाचा खर्च वाढत नाही. देऊळ, चर्च, मशीद, समाजमंदिर आणि कोळीवाड्याचे सभागृह यांनी हा संच आपल्या जागेत ठेवून घेतल्यास भाड्याचाही प्रश्न राहणार नाही. पूर्वेकडील आदिवासी पाड्यांवरील भगिनींच्या पानांच्या पत्रावळींनाही अशा कार्यांत हक्काची मागणी मिळू शकते.

तिसरे अंग खताचे. वसईची वाडी ओल्या कचऱ्याला नैसर्गिक गिऱ्हाईक आहे. ओला कचरा आणि वाळलेला पाला यांचे थर देऊन, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका राखून आणि ढीग वरचेवर परतून साधारण दीड ते दोन महिन्यांत खत तयार होते. दुर्गंधी येते ती बहुधा पाणी जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. अशा वेळी सुका पाला किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळावा व ढीग परतावा. कोकणच्या पावसात कोरडा पाला मिळत नाही. म्हणून माघ ते चैत्र या काळात गळणारी आंबा-जांभळाची पाने जाळून न टाकता पोत्यांत भरून छपराखाली ठेवावीत. हा साठा नसल्यास पावसाळ्यात खताचा प्रयोग फसतो आणि शेजारी तक्रार करतात. खत विकण्यापूर्वी चाळून घ्यावे. एका काचेच्या तुकड्याने बागायतदाराचा हात कापला, तर तो पुन्हा गिऱ्हाईक म्हणून येणार नाही.

हिशेबाची रीत

असे बहुतेक उद्योग हिशेबात चुकल्यामुळे बंद पडतात. हिशेबाची रीत समजावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. ६०० घरांच्या वसाहतीत चार सदस्य संकलन करतात आणि प्रत्येक घर दरमहा १०० रुपये देते. जमा ६० हजार रुपये होईल. प्रत्येक सदस्यास १२ हजार रुपये द्यावयाचे, तर ४८ हजार खर्च होतात. उरलेल्या १२ हजारांत ढकलगाडीची दुरुस्ती, हातमोजे, गणवेश, विमा, निवड-शेडचे भाडे व हिशेबनिसाचे मानधन भागवावयाचे आहे. आता ६०० पैकी १५० घरांनी शुल्क दिले नाही असे धरा. जमा ४५ हजारांवर येते, म्हणजे मोबदलाही पुरा पडत नाही. दोन महिन्यांत एक सदस्य काम सोडतो, गाडी उशिरा येऊ लागते आणि मग उरलेली घरेही शुल्क द्यायला नाखूष होतात. घसरण अशी सुरू होते.

भंगाराचे काय? प्रत्येक घरातून महिन्याला विकण्याजोगा चार किलो माल मिळाला आणि सरासरी भाव आठ रुपये मिळाला, तर १९ हजार २०० रुपये येतील. भाव निम्म्यावर आला की हीच रक्कम ९ हजार ६०० होते. भंगाराचे भाव दूरच्या बाजारपेठांवर ठरतात, ते गटाच्या हाती नसतात. शिवाय कचरा कमी करण्याचा उद्देश साधला, तर भंगारही घटणार. म्हणून रोजचा मोबदला भंगारावर कधीही अवलंबून ठेवू नये. शुल्क हा उद्योगाचा कणा आणि भंगार हे सदस्यांचे अधिक उत्पन्न समजावे. वरील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी आहेत. प्रत्यक्षात मोबदला प्रचलित कायद्यानुसार आणि शुल्क स्थानिक संस्थेच्या संमतीने ठरवावे लागेल.

संस्थेचे रूप

प्रारंभी बचत गट पुरेसा होतो. काम वाढल्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये सहकारी संस्था नोंदविता येते. त्यासाठी निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. विश्वस्त संस्था किंवा ना-नफा कंपनी हेही मार्ग आहेत. परंतु त्यांत निर्णय विश्वस्तांच्या किंवा संचालकांच्या हाती राहतो. सहकारात एका सदस्यास एक मत असते. जिच्या डोक्यावर कचऱ्याचे ओझे आहे तिलाच दर, वेळ व सुट्टी ठरविण्याचा अधिकार मिळावा, या दृष्टीने सहकारी रूप अधिक उचित वाटते. हिशेबनीस व मार्गदर्शक सुशिक्षित वर्गातून यावेत, पण मालकी त्यांच्याकडे जाऊ नये.

पहिल्या वर्षाचा क्रम

काम एकदम शहरभर सुरू करू नये. एक वसाहत किंवा एक पाडा घेऊन पुढील क्रमाने जावे.

१. पहिले दोन महिने पाहणी. शंभर घरांतील कचरा सलग सात दिवस वेगळा करून तोलावा व वहीत नोंदवावा. कोणत्या वस्तू सर्वांत जास्त येतात, त्या कोठून येतात, याची यादी करावी. कचरावेचक व भंगारवाले यांच्याशी बोलून मालाचे भाव लिहून घ्यावेत.

२. तिसऱ्या महिन्यात संमती. गृहनिर्माण संस्थांच्या सभा किंवा ग्रामसभा घेऊन शुल्क, वेळ व नियम ठरवावेत. निवड-शेडची जागा, उरलेला कचरा कोण व केव्हा नेणार, या गोष्टी स्थानिक संस्थेकडून लेखी घ्याव्यात. तोंडी आश्वासनावर उभारलेले काम अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर थांबते.

३. चौथ्या महिन्यापासून संकलन. सुरुवातीस वेगळा न केलेला कचरा परत करताना सौजन्य राखावे, पण नियम सोडू नये. पहिले सहा आठवडे कठीण जातात. त्यानंतर घरातील मुलेच मोठ्यांना आठवण करून देऊ लागतात.

४. सहाव्या महिन्यापासून पिशवी-ठेव योजना व भांड्यांचे भांडार. एकाच बाजारात दहा विक्रेते घेऊन आरंभ करावा.

५. हिवाळ्यात खत. पहिल्या वर्षी थोड्याच घरांचा ओला कचरा घ्यावा. पावसाळ्याची तयारी झाल्यावरच वाढ करावी.

दरमहा एक फलक लावावा. किती घरांनी कचरा वेगळा दिला, किती शुल्क जमले, किती किलो माल विकला, किती खत झाले, किती पिशव्या परत आल्या आणि किती कचरा शेवटी क्षेपणभूमीकडे गेला, हे सहा आकडे त्यावर असावेत. शेवटचा आकडा महिन्यामागून महिना उतरत गेला तर उद्योग यशस्वी होत आहे असे समजावे. बाकीचे सारे आकडे वाढून तो मात्र स्थिर राहिला, तर कुठेतरी चूक होत आहे.

शाळा, पंचायत आणि प्रशासन

शिक्षकांनी ही पाहणी गणित व परिसर अभ्यास यांच्याशी जोडावी. आपल्या घरातील एका आठवड्याचा कचरा तोलणे, त्याची टक्केवारी काढणे, त्याचा आलेख काढणे यातून मुलांना जे समजते ते घोषवाक्यांतून समजत नाही. मात्र मुलांच्या हातून गटारे किंवा किनारे साफ करून घेताना हातमोजे व देखरेख असल्याखेरीज ते काम करू नये. तसेच कचरावेचकांची मुले त्याच वर्गात बसलेली असू शकतात, याचे भान बोलताना ठेवावे.

पंचायत सदस्यांनी ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमांपासून आरंभ करावा. ग्रामसभेत प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी पिंप व पेले ठेवले, तर त्याचा परिणाम ठरावापेक्षा अधिक होतो. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने महाराष्ट्रातील गावांना स्पर्धेच्या निमित्ताने झाडू हाती घ्यायला लावले. तपासणी पथक निघून गेल्यावरही झाडू हाती राहावा, यासाठी रोजची व्यवस्था लागते.

अधिकाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. कचरावेचकांना ओळखपत्रे देऊन त्यांच्या कामास अधिकृतपणा द्यावा. निवड-शेडला जागा, पाणी व वीज द्यावी. आणि संकलनाचे ठेके काढताना आधीपासून काम करणाऱ्या सहकारी गटाचे क्षेत्र त्यातून वगळावे. ठेकेदारास उचललेल्या वजनावर पैसे मिळत असतील, तर कचरा कमी होणे हे त्याच्या तोट्याचे ठरते. मोबदला किती टन उचलले यावर न देता किती घरांस सेवा दिली यावर दिल्यास कचरा घटविणे कोणाच्याच तोट्याचे राहणार नाही.

समारोप

या सर्व विवेचनाचा सारांश असा की, कचरा कमी करण्याचा उद्योग हा वस्तू विकण्याचा उद्योग नव्हे. तो सवय आणि विश्वास राखण्याचा उद्योग आहे. कापडी पिशवी शिवणे सोपे आहे. ती परत येईल अशी व्यवस्था करणे अवघड आहे. खताचा खड्डा एका दिवसात खणता येतो. तो भर पावसाळ्यात न कुजू देता चालविणे ही खरी कसोटी आहे. दर सकाळी दारात येणाऱ्या भगिनीला कुटुंबाने नावाने हाक मारली, वेळेवर शुल्क दिले आणि तिच्या हाती स्वच्छ, वेगळा कचरा दिला, तर यातील निम्मे काम झाले.

वसईच्या जुन्या माणसांनी बावखल खणले ते एकट्या घरासाठी नव्हे. त्यातले पाणी वाडीचे, शेजारच्या विहिरीचे आणि पुढच्या उन्हाळ्याचे असे. वर्षावर्षाला त्याचा गाळ काढावा लागे आणि तो खत म्हणून वाडीत जाई. राहिलेली बावखले वाचवावयाची तर गाळ काढण्याचा तो नियम आता प्रत्येक स्वयंपाकघराच्या डब्यापासून सुरू करावा लागेल.